पोर्तोच्या बसमधलं वाय-फाय: मागची शंभर वर्षं

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात २०१४ साली बस, टॅक्सी आणि कचरा उचलणाऱ्या गाड्या अशी सहाशेहून जास्त वाहनं एका बिनतारी जाळ्यात आली. प्रवाशांच्या लेखी ते बसमधलं फुकट इंटरनेट. प्रत्यक्षात प्रत्येक गाडी चालता-फिरता राउटर झाली होती. जवळ रस्त्याकडेला बसवलेला जाळ्याचा अँटेना असेल तर थेट, नसेल तर शेजारून चाललेल्या गाडीमार्फत, आणि तेही जमलं नाही तरच मोबाइल नेटवर्कवरून माहिती जायची.

गाडीत रेडिओ बसवण्याची खटपट मात्र जुनी, आणि ती पोलिसांची. अमेरिकेतल्या डेट्रॉइट पोलिसांचं १९२० च्या दशकातलं रेडिओ केंद्र मनोरंजनाच्या परवान्यावर चालायचं, त्यामुळे चोरीच्या गाड्यांच्या वर्णनांच्या मधे-मधे गाणी वाजवावी लागत! १९२८ मध्ये तिथली सेवा नीट बसली, पण एकतर्फीच. उत्तर द्यायचं तर शिपायाने उतरून टेलिफोन गाठायचा. गाडीतून उलट बोलायची सोय १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन शहरात झाली. तरी गाडीचं बोलणं व्हायचं ते मुख्यालयाशी. गाडीने गाडीशी बोलावं ही कल्पना बरीच नंतरची.

१९९९ मध्ये अमेरिकी दूरसंचार नियामकाने रेडिओ लहरींच्या ५.९ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातले ७५ मेगाहर्ट्‌झ वाहतूक सुरक्षेसाठी, म्हणजे गाड्यांनी एकमेकींशी बोलण्यासाठी, राखून ठेवले. खरी अडचण होती वेळेची. घरच्या वाय-फायला जोडून घेताना ओळख पटवण्याचे सोपस्कार चालतात. तेवढ्यात ताशी ४० किलोमीटरने जाणारी बस सेकंदाला अकरा मीटर पुढे सरकते, आणि समोरून येणारी गाडी तर भेटते न भेटते तोच निघून जाते. २०१० मध्ये मंजूर झालेल्या ८०२.११पी या गाड्यांसाठीच्या वाय-फाय मानकाने हे सोपस्कारच काढून टाकले: आधी जोडणी न करता थेट संदेश पाठवायचा.

तंत्र तयार झालं, गाड्या मात्र तयार होईनात. रस्त्यावर एकट्याच्याच गाडीत असा रेडिओ असेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही, मग पहिला पैसा कोण घालणार? अमेरिकेने २०१६ च्या शेवटी नव्या गाड्यांना अशा रेडिओच्या सक्तीचा प्रस्ताव मांडला, पुढे तो बारगळला. २०२० मध्ये नियामकाने त्या पट्ट्यातले ४५ मेगाहर्ट्‌झ साध्या वाय-फायला देऊन टाकले. वीस वर्षं राखलेली जागा अशी निम्म्याहून अधिक गेली.

माझ्या मते बसची खरी सरशी इथेच आहे. शेकडो गाड्यांचा मालक एकच, मार्ग ठरलेले, रात्री सगळ्या आगारात. त्यामुळे प्रयोगही आधी अशाच ताफ्यांवर झाले. कर्नाटकातल्या दोड्डबळ्ळापूरकडे वाय-फाय बसवलेली बस गावागावांतून माहिती गोळा करून शहरात आणून सोडायची. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या ‘कारटेल’ प्रकल्पात, ज्यात नागपुरात जन्मलेले हरी बालकृष्णन होते, बॉस्टनच्या टॅक्सींनी हादऱ्यांवरून रस्त्यातले खड्डे शोधले. (हे वाचून आपल्याकडच्या कुणालाही वाटेल की इथे तर खड्डे नसलेली जागा शोधणं जास्त सोपं.)

पोर्तोत झुआंव बारुश आणि सुझाना सार्जेंतु या दोन प्राध्यापकांनी गाड्यांच्या जाळ्यावरचं विद्यापीठातलं संशोधन उचललं. तासाच्या हिशोबाने गाड्या भाड्याने देणाऱ्या ‘झिपकार’च्या सहसंस्थापक रॉबिन चेस आणि रॉय रसेल त्यांना येऊन मिळाले आणि २०१२ मध्ये ‘वेनियम’ कंपनी उभी राहिली; सुरुवातीला सांगितलेलं पोर्तोचं जाळं तिचंच. कामाची घाई नसलेली माहिती, उदाहरणार्थ कचरापेटी किती भरली, ती जवळून जाणाऱ्या गाडीत साठवून पुढच्या अँटेनापाशी सोडायची, म्हणजे सिमकार्डचा खर्च वाचतो. २०२२ मध्ये ‘नेक्सार’ या डॅशकॅमवाल्या (गाडीतून रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) कंपनीने वेनियम विकत घेतली.

भारतात २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-१४० या वाहन मानकाप्रमाणे गाडी कुठे आहे ते कळवणारं यंत्र लागतं. त्यात सिमकार्ड असतं आणि ते थेट सर्व्हरशी बोलतं, शेजारच्या गाडीशी नाही.