राजवायूंच्या निष्क्रियतेमागचा इतिहास

हेलियम, निऑन, आरगॉन यांसारख्या राजवायूंचे बाह्यतम कवच इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेले असल्यामुळे ते रासायनिक अभिक्रियेत भाग घेत नाहीत, हे उत्तर शाळेपासून पाठ असते. प्रत्यक्षात निष्क्रियता आधी अनुभवास आली आणि तिचे कारण आरगॉनच्या शोधानंतर दोन दशकांनी मिळाले.

हेन्री कॅव्हेंडिशने १७८५ मध्ये हवा व ऑक्सिजन यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडून नायट्रोजन संपवत नेला, तेव्हा मूळ नायट्रोजनच्या १/१२० भागाहून मोठा नसलेला एक बुडबुडा काही केल्या संपेना. त्याचा उलगडा शतकभर झाला नाही. पुढे लॉर्ड रॅले यांनी काचेच्या एकाच गोळ्यात भरून तोललेला हवेतील नायट्रोजन सुमारे २.३१० ग्रॅम आणि संयुगांपासून मिळवलेला सुमारे २.२९९ ग्रॅम भरला. एवढ्याशा फरकाकडे त्यांनी काणाडोळा केला नाही, हेच त्यांचे मोठेपण. विल्यम रॅमझी यांनी हवेतील नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा नेऊन शोषून घेतला, तेव्हा मागे एक वेगळाच वायू उरला आणि १८९४ मध्ये दोघांनी त्याचा, म्हणजे आरगॉनचा, शोध जाहीर केला. अतिशय क्रियाशील असा फ्लुओरीन प्रथम वेगळा करणारे आँरी म्वासाँ यांनी या वायूवर फ्लुओरीनचाही प्रयोग केला, पण अभिक्रिया झाली नाही. १८९८ पर्यंत निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन हाती आले आणि आवर्तसारणीत शून्य संयुजेचा (म्हणजे बंध न जोडणाऱ्या मूलद्रव्यांचा) स्वतंत्र गण मांडण्यात आला.

भरलेले बाह्यतम कवच स्थिर असते ही कारणमीमांसा १९१६ मध्ये गिल्बर्ट लुईस व वाल्थर कोसेल या शास्त्रज्ञांनी दिली. आवर्तनात (आवर्तसारणीच्या आडव्या ओळीत) डावीकडून उजवीकडे जाताना अणुकेंद्रावरील प्रभार वाढतो, पण त्याच कवचातील इलेक्ट्रॉन एकमेकांना त्या ओढीपासून फारसे झाकत नाहीत. त्यामुळे सोडियमचा एक इलेक्ट्रॉन काढण्यास प्रतिमोल ४९६ किलोज्यूल पुरतात, तर आरगॉनला १५२१ लागतात. उलट, नव्या इलेक्ट्रॉनला पुढच्या, दूरच्या कवचातच जागा असल्याने तो टिकत नाही. देणे आणि घेणे दोन्ही महाग पडते.

तथापि ही किंमत सर्व राजवायूंना सारखी नसते. अणू मोठा होत जातो तसे बाहेरचे इलेक्ट्रॉन सैल पडतात. म्हणूनच १९३३ मध्ये लायनस पाउलिंग यांनी झेनॉन व क्रिप्टॉन यांची फ्लुओराइडे (फ्लुओरीनबरोबरची संयुगे) संभवतात असे भाकीत केले. पण कॅलिफोर्नियात योस्ट आणि के या रसायनशास्त्रज्ञांना ती मिळाली नाहीत. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे या वाटेला फारसे कोणी गेले नाही. बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन झाले की अणू स्थिर, हा अष्टकाचा ठोकताळा नियम म्हणून शिकवला गेल्याचा हा परिणाम असावा.

कॅनडातील व्हँकूव्हरमध्ये रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांना प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइड ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन ओढून घेते असे आढळले होते. ऑक्सिजनच्या रेणूची आयनीभवन ऊर्जा (एक इलेक्ट्रॉन काढण्यास लागणारी ऊर्जा) ११७५ आणि झेनॉनची ११७० किलोज्यूल, म्हणजे झेनॉनचा इलेक्ट्रॉन किंचित स्वस्तच. मार्च १९६२ मध्ये त्यांनी काचेच्या उपकरणातील पडदा फोडताच प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइडची गडद तांबडी वाफ झेनॉनमध्ये मिसळली आणि सामान्य तापमानालाच झेनॉनच्या संयुगाचा पिवळसर घन पदार्थ तयार झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत झेनॉन आणि फ्लुओरीन निकेलच्या पात्रात ४०० अंश सेल्सियसला तासभर तापवून झेनॉन टेट्राफ्लुओराइड मिळाले.

आरगॉनचे संयुग २००० साली हेलसिंकी येथे बनले, तेही अतिथंड घन आरगॉनमध्ये अडकवलेल्या रेणूंच्या रूपात. हेलियम (२३७२ किलोज्यूल) आणि निऑन (२०८१) यांच्याबाबतीत मात्र शालेय उत्तर आजही जवळपास जसेच्या तसे लागू पडते.