साडी, किमोनो आणि फोटोबाहेर राहिलेल्या: फिलाडेल्फियाच्या एका कॉलेजची पार्श्वभूमी

१० ऑक्टोबर १८८५ या दिवशी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात काढलेला एक फोटो मराठी माणसाच्या फोनवर वर्षातून एकदा तरी येतोच. बहुधा ८ मार्चला, नाहीतर ३१ मार्चला, आनंदीबाई जोशींच्या जयंतीला. फोटोत शेजारी शेजारी तीन तरुणी आहेत. डावीकडे साडीतल्या आनंदीबाई, मध्ये किमोनो घातलेल्या केई ओकामी आणि उजवीकडे सिरियाच्या पारंपरिक पोशाखात साबात इस्लामबुली. तिघीही विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या विद्यार्थिनी. त्या दिवशी कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी स्वागतसमारंभ ठेवला होता. आज हा फोटो ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहात जपलेला आहे.

या फोटोखालचा मजकूर नीट वाचण्यासारखा आहे. तिघींच्याही नावामागे ‘डॉ.’ लावलेले आहे. प्रत्यक्षात त्या दिवशी तिघींपैकी एकही डॉक्टर नव्हती. आनंदीबाईंना पदवी मिळाली ती मार्च १८८६ मध्ये, ओकामींना १८८९ मध्ये, इस्लामबुलींना १८९० मध्ये. म्हणजे हा मजकूर फोटोबरोबरचा नाही, पुढे कधीतरी कोणीतरी घातलेला आहे. साबातचे नाव तिथे ‘ताबात’ झाले आहे. आनंदीबाईंच्या गावाचे नाव ‘सेरानीसोर’ असे काहीतरी छापले आहे. गाव आहे कोलकात्याजवळचे श्रीरामपूर, ज्याला इंग्रज सेरामपोर म्हणत. कल्याणची मुलगी बंगालची कशी झाली? पती गोपाळराव टपाल खात्यात होते आणि त्यांच्या बदल्या अलिबाग, कोल्हापूर, भूज, कोलकाता अशा होत होत शेवटी श्रीरामपूरला पोचल्या होत्या. अमेरिकेला निघताना बाईंचा पत्ता तो होता, म्हणून कॉलेजच्या लेखी त्या तिथल्याच राहिल्या.

अशा फोटोकडे पाहून आपण चटकन म्हणतो, ‘बघा, दीडशे वर्षांपूर्वी केवढी विविधता!’ विविधता होतीच. पण ती तिथे आली कोणत्या वाटेने आणि फोटोत त्यातली किती मावली, हे पाहिले की चित्र बरेच बदलते.

हे कॉलेज १८५० मध्ये ‘फीमेल मेडिकल कॉलेज’ या नावाने सुरू झाले. ‘विमेन्स’ हे नाव १८६७ चे. उभे करणाऱ्यांमध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक पुढे होते. गुलामगिरीला विरोध, दारूबंदी, स्त्रियांचे शिक्षण ही त्यांच्या घरांत एकाच वेळी चालणारी कामे होती. स्त्रियांना पूर्ण वैद्यकीय पदवी देण्यासाठीच काढलेल्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ही एक. १८५१ च्या डिसेंबरअखेर पहिल्या ८ जणींना पदव्या दिल्या गेल्या, त्या पोलीस बंदोबस्तात, कारण शहरातले वैद्यकीय विद्यार्थी येऊन धिंगाणा घालतील अशी भीती होती. १८५८ मध्ये फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांच्या संस्थेने स्त्री डॉक्टरांवर आणि त्यांना शिकवणाऱ्यांवर अघोषित नव्हे, चक्क ठराव करून बहिष्कार घातला. शहरातल्या रुग्णालयांत या मुलींना प्रत्यक्ष शिकायला मिळेना, तेव्हा अॅन प्रेस्टन यांनी पुढाकार घेऊन १८६१ मध्ये स्त्रियांचे स्वतंत्र रुग्णालय उभे केले. प्रेस्टन या त्या पहिल्या ८ जणींपैकी एक. १८६६ मध्ये त्या कॉलेजच्या डीन झाल्या.

नोव्हेंबर १८६९ चा प्रसंग तर प्रसिद्धच आहे. पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलने मुलींना व्याख्यानाला बसायची परवानगी दिली आणि त्या तिथे गेल्या. इतर कॉलेजांच्या पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली, कागदाचे बोळे फेकले, तंबाखूच्या पिंका टाकल्या. मुली व्याख्यान संपेपर्यंत बसून राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत वाद पेटला आणि त्यात त्या टवाळखोरांचीच जास्त छी-थू झाली.

त्याच शहरातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने वैद्यकीय शाखेत स्त्रियांना घेतले ते १९१४ मध्ये. जेफरसन मेडिकल कॉलेजने तर १९६१ मध्ये. जपान, सिरिया आणि हिंदुस्थानातल्या मुली एकाच फोटोत आल्या, त्यामागे बाकीच्या दारांना लावलेली ही कुलुपेही आहेत.

दुसरी वाट मिशनरी मंडळींची. इथे मराठी वाचक थोडा अवघडतो, पण ही वाट वगळून हा इतिहास सांगताच येत नाही. याच कॉलेजची क्लारा स्वेन १८६९ मध्ये पदवी घेऊन निघाली आणि १८७० च्या जानेवारीत बरेलीला पोचली. हिंदुस्थानात आलेली ती पहिली मिशनरी स्त्री डॉक्टर. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीही दाखवत नाहीत, ही गोष्ट अमेरिकेतल्या चर्चच्या महिला मंडळांत वारंवार सांगितली जाऊ लागली. तिच्यावर निधी जमत असे. त्यातून डॉक्टरणी पूर्वेकडे जाऊ लागल्या आणि उलट दिशेने पूर्वेकडच्या मुली फिलाडेल्फियाला येऊ लागल्या. ओकामी योकोहामाच्या मिशनरी शाळेत शिकलेल्या. त्यांच्या कॉलेजशिक्षणालाही मिशनरी स्त्रियांच्या संस्थेचा हातभार होता.

आनंदीबाईंचे प्रकरण याच वाटेवर सुरू झाले आणि मधेच वेगळे वळले. गोपाळरावांनी कोल्हापूरहून रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिले की बायकोला शिकवायचे आहे, अमेरिकेत सोय होईल का. वाइल्डर यांनी ते आपल्या मासिकात छापले आणि वर उत्तर जोडले, ज्याचा मथितार्थ होता: आधी ख्रिस्ती व्हा. तो जुना अंक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या हाती पडला, दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसलेल्या असताना. त्यांनी कोणतीही अट न घालता पत्र पाठवले. आनंदीबाई पुढे त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या.

निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ ला, आनंदीबाईंनी श्रीरामपूर कॉलेजात इंग्रजीतून भाषण केले. तेव्हा त्यांना १८ वे वर्षही पुरे झालेले नव्हते. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७५ पासून मुलींना प्रवेश होता, सुईणकामाचे वर्ग तर सगळ्याच इलाख्यांत होते. मग अमेरिकाच का? त्यांचे उत्तर रोखठोक होते: इथले शिक्षण अपुरे आहे आणि शिकवणारे जुन्या वळणाचे, थोडे मत्सरीही आहेत. आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, असेही त्यांनी त्याच भाषणात जाहीर करून टाकले.

या वचनाच्या उजेडात फोटोतली साडी वेगळी दिसते. त्यांच्यासाठी तो स्वागतसमारंभाला चढवलेला वेष नव्हता. मायदेशी दिलेला शब्द होता तो. थंडीत आणि परक्या नजरांसमोर पायही झाकले जावेत म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली होती, एवढीच काय ती तडजोड. कॉलेजच्या बाजूने पाहिले तर मात्र याच साडीचा उपयोग निराळा होता. खाजगी देणग्यांवर चालणारी संस्था, दारात पाहुणे, आणि समोर तीन दूरदेशीच्या मुली आपापल्या देशी पोशाखात. आपल्या कामाचा पसारा कुठवर पोचला आहे हे दाखवायला याहून चांगला पुरावा कोणता? बॉडलीबाई त्या बाबतीत दूरदर्शी होत्या. त्या मूळच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. १८७४ पासून डीन होत्या. १८८१ मध्ये त्यांनी कॉलेजच्या सगळ्या माजी विद्यार्थिनींना प्रश्नावली पाठवून कोण कुठे काय करते याची माहिती गोळा केली होती. लग्न झाल्यावर बायका डॉक्टरकी सोडून देतात, या आक्षेपाला त्यांना आकड्यांनी उत्तर द्यायचे होते. आज या संस्थेचा संग्रह इतका भरभक्कम आहे त्यामागे ही सवयही आहे. ज्यांना पदोपदी आपली लायकी सिद्ध करावी लागते ते कागद जपून ठेवतात.

म्हणून मला त्या फोटोत दोन्ही गोष्टी एकदम दिसतात: मुलींचा ताठा आणि संस्थेची जाहिरात. एकीसाठी दुसरी नाकारायची गरज नाही.

प्रश्न खरा आहे तो फोटोत नसलेल्यांचा. १८८५ च्या त्या ऑक्टोबरमध्ये व्हेरिना हॅरिस ही कृष्णवर्णीय तरुणी याच कॉलेजात शिकत होती. १८८४ ला आली, १८८८ ला पदवी घेऊन गेली आणि मिसिसिपी राज्यात वैद्यकीय परवाना मिळवणारी पहिली स्त्री ठरली. कॉलेजला कृष्णवर्णीय विद्यार्थिनी तेव्हा नव्या राहिल्या नव्हत्या. रिबेका कोल १८६७ मध्येच पदवीधर झाल्या होत्या. गुलामांना पळून जायला मदत करणारे फिलाडेल्फियाचे विल्यम स्टिल यांची मुलगी कॅरोलिन १८७८ मध्ये. पण परदेशी पाहुण्यांच्या फोटोत त्यांना जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. त्या परदेशी नव्हत्या, आणि घरच्या म्हणून मिरवण्याइतका तो देश अजून तयार नव्हता.

सुझन ला फ्लेश यांचेही तसेच. नेब्रास्कातल्या ओमाहा जमातीची ही मुलगी १८८६ मध्ये दाखल झाली आणि १८८९ मध्ये ३६ जणींच्या वर्गात पहिली आली. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी वैद्यकीय पदवी घेणारी पहिली स्त्री. १८८९ चाच वर्ग ओकामींचाही, म्हणजे या दोघी एकत्रच पदवीधर झाल्या. ओमाहा आणि जपान एका बाकावर! पण व्हॉट्सअॅपवर फिरतो तो फोटो त्या दोघींचा नाही.

इलायझा ग्रायर यांचे तर पत्रच आहे संग्रहात. गुलामीत जन्मलेल्या ग्रायर यांनी १८९० मध्ये कॉलेजला लिहून विचारले की माझ्याकडे पैसे नाहीत, गुलामीतून सुटलेल्या स्त्रीला तुमच्या इतक्या थोर संस्थेत काही वाटा मिळू शकतो का. प्रवेश मिळाला. मग एक वर्ष कापूस वेचायचा, त्या कमाईवर पुढचे वर्ष शिकायचे, असे करत त्या १८९७ मध्ये डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंनी याच कॉलेजला १८८३ मध्ये लिहिलेला अर्ज आणि हे पत्र शेजारी ठेवून वाचावे. स्वजातीचा आणि आप्तेष्टांचा विरोध पत्करून मी आले, हा निर्धारच माझ्या कामी यावा, असा आनंदीबाईंचा युक्तिवाद. ग्रायर यांच्याकडे विरोध सांगायलाही कोणी नव्हते, फक्त पैसे नव्हते.

फोटोतल्या तिघींचे पुढे काय झाले? आनंदीबाईंचा पदवीदान समारंभ ११ मार्च १८८६ चा. प्रबंध आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या आणि तिथून त्यांचे स्वतःचे अमेरिकेतले काम सुरू झाले. पुढच्या वर्षी त्यांच्या इंग्रजी पुस्तकाला बॉडलींनी प्रस्तावना लिहिली, तीत आनंदीबाईंची आठवण आहे. तोवर त्या गेल्याही होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झाली होती, पण क्षयाने काम सुरूच करू दिले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात मृत्यू, बावीस वर्षेही पुरी नाहीत. रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत ठेवली गेली.

ओकामी परतल्या आणि टोकियोच्या जिकेई हॉस्पिटलात रुजू झाल्या. सम्राट मेइजी भेटीला आले असता त्यांनी स्त्री डॉक्टरला भेटायचे नाकारले. ओकामींनी राजीनामा दिला आणि घरीच दवाखाना थाटला. इस्लामबुली दमास्कसला परतल्या, नंतर कैरोला गेल्या. दोघींचाही मृत्यू १९४१ मध्ये.

फिरत्या संदेशांत तिघींना सरसकट ‘आपापल्या देशाची पहिली स्त्री डॉक्टर’ म्हणतात. ते जपून म्हणावे. जपानमध्ये ओगिनो गिन्को यांना सरकारी परवाना १८८५ मध्येच मिळाला होता, त्या देशातच शिकल्या होत्या. आपल्याकडे कादंबिनी गांगुली १८८६ मध्येच कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजातून उत्तीर्ण झाल्या आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी व्यवसाय केला. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८८३ पासून मुलींना घेऊ लागले होते. फोटो निघाला त्याच १८८५ च्या ऑगस्टमध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांचा निधी उभा राहिला आणि हिंदुस्थानात स्त्रियांच्या रुग्णालयांना पैसा मिळू लागला. आनंदीबाई एकाकी ज्योत नव्हत्या. चहूकडून दारे ढकलली जात होती, त्यातले एक त्यांनी ढकलले.

आणि एक नाव मराठीत अगदीच मागे पडले आहे. गुरुबाई करमरकर. पतीबरोबर अमेरिकेला गेल्या, १८९२ मध्ये याच कॉलेजातून पदवी घेतली, मुंबईला परतल्या आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे बायका-मुलांवर उपचार करत राहिल्या. आनंदीबाईंना जे करायचे होते ते यांनी केले. पण त्या ख्रिस्ती होत्या, त्या तरुणपणी गेल्या नाहीत, आणि त्यांच्यावर नाटक लिहावे असे कोणाला वाटले नाही. १९०१ मध्ये पंजाबच्या डोरा चॅटर्जी तिथून डॉक्टर झाल्या, त्यांचेही नाव आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही.

कॉलेज १९७० मध्ये मुलांनाही प्रवेश देऊ लागले आणि नावातला ‘विमेन्स’ गळाला. पुढे विलीनीकरणे होत होत ते ड्रेक्सेल विद्यापीठात सामावले. फोटो आणि पत्रांचा मोठा भाग आता संगणकावर पाहता येतो. तिथे गेलात तर आनंदीबाईंचे नाव ‘जोशी’ असे शोधून भागणार नाही, त्या स्वतः सही करत तसे इंग्रजीत दोन ‘ई’ लावून शोधा. आणि त्यांचा फोटो सापडला की तिथेच न थांबता करमरकर, ग्रायर आणि ला फ्लेश यांचीही पाने उघडा.