गळाचे टोक कोणत्या दिशेला असावे?

माशाने गिळलेला गळ त्याच्या पोटातील आम्लात चार दिवसांत विरघळून जातो, असा समज हौशी मासेमारांमध्ये पक्का रुजलेला आहे. तो चुकीचा आहे. साधा पोलादी गळ गंजून कमकुवत होण्यास आठवडे, प्रसंगी महिने लागतात आणि स्टेनलेस स्टीलचा गळ त्याहून कितीतरी अधिक काळ टिकतो. घशात रुतलेला गळ ओढून काढण्यापेक्षा दोर तोंडाजवळ कापून मासा सोडणे बरे, हे खरे आहे. परंतु सोडलेला मासा जगेल की नाही, हे मुख्यतः गळ कोठे रुतला यावर अवलंबून असते आणि ती जागा गळ निवडतानाच बऱ्याच अंशी ठरून जाते.

हा प्रश्न अमेरिकेतील मिसिसिपी आणि मिसूरी नद्यांच्या खोऱ्यांत विशेष महत्त्वाचा आहे. आपल्या शिंगाळा आणि मांगूर यांचे दूरचे नातलग असलेले मोठे कॅटफिश तेथे आढळतात. त्यांपैकी फ्लॅटहेड जातीचा 123 पौंडांचा, म्हणजे सुमारे 56 किलोंचा विक्रमी मासा 1998 मध्ये कॅन्ससमधील एका जलाशयात मिळाला. हा मासा वीस वर्षांहून अधिक जगू शकतो आणि घरट्यातील अंड्यांची राखण नर करतो, त्यामुळे मोठे मासे परत सोडण्याकडे तेथील अनेकांचा कल असतो. अडचण अशी की कॅटफिश आमिष कुरतडत बसत नाही. तो तोंड उघडून पाण्यासकट ते आत ओढून घेतो. माशाचे हृदय कल्ल्यांच्या लगत, घशाच्या खालच्या बाजूस असते. घशात रुतलेले टोक तेथवर पोहोचू शकते.

नेहमीचा गळ इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा असतो आणि त्याचे टोक दांडीला समांतर, वर पाहत असते. दोर ओढला की ते वाटेत येईल त्या मांसात घुसते. सर्कल हुक, म्हणजे गोल गळ, याचे टोक मात्र दांडीकडे काटकोनात वळवलेले असते. आमिष गिळून मासा दूर जाऊ लागतो, दोर ताणला जातो आणि गळ घशातून मागे सरकू लागतो. टोक आत वळलेले असल्यामुळे ते मऊ भागावरून सहसा न रुतता घसरत येते. दांडी तोंडाबाहेर पडते, तेव्हा जबड्याच्या कोपऱ्याशी दोराच्या ओढीची दिशा बदलते, गळ त्या कडेभोवती किल्लीसारखा फिरतो आणि टोक जबड्याच्या कोपऱ्यातच अडकते. तेथील जखम उथळ असते व गळ चटकन निघतो. पॅसिफिक बेटांवरील लोक हाड आणि शिंपल्यांपासून असे आत वळलेले गळ फार पूर्वीपासून घडवीत आले आहेत.

हे फिरणे घडण्यासाठी ओढ संथ हवी. मासा लागला असे वाटताच काठीला हिसका देण्याची सवय येथे घातक ठरते, कारण हिसक्याने गळ फिरण्याआधीच तोंडाबाहेर निसटतो. काठी आधारात ठेवून दोर आपोआप ताणू देणे उत्तम. आमिषाने गळाचे तोंड, म्हणजे टोक आणि दांडी यांमधील फट, भरून टाकू नये आणि ते तोंड जबड्याच्या जाडीपेक्षा रुंद असावे. वेष्टनावर ‘सर्कल’ छापलेले आहे एवढ्यावर विसंबू नये. गळ सपाट टेबलावर ठेवून पाहावा: टोक दांडीच्या पातळीतून बाजूला झुकलेले असेल, तर ते घशात रुतण्याची शक्यता वाढते आणि गोल आकाराचा लाभ बराचसा निघून जातो. पिठासारखे आमिष चिकटून राहावे म्हणून वापरला जाणारा लहान तीन टोकांचा गळ, मासा सोडायचा असेल, तर मुळीच वापरू नये. टोकामागचा उलटा दात पकडीने दाबून सपाट केल्यास गळ काढण्याचा वेळ आणखी घटतो.

गळ काढताना अनेक जण मिशांना भितात. पण मिशा डंख करीत नाहीत, त्या चव आणि स्पर्श ओळखण्यासाठी असतात. जपायचे ते पाठीवरील आणि छातीजवळील परांच्या टणक काट्यांना. कातडीला खवले नसल्यामुळे मासा ओल्या हातांनी धरावा.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागराकडे वाहणाऱ्या नद्यांत मात्र हा विचार लागू होत नाही. तेथे 1970 च्या दशकात गळाच्या खेळासाठी आणून सोडलेला ब्लू कॅटफिश आता स्थानिक मासे आणि खेकडे खात पसरला आहे, म्हणून तेथे पकडलेला मासा परत न सोडता खाण्यासाठी नेणेच योग्य.