व्हिलन कसा बोलतो, ते पोरांच्या बरोब्बर लक्षात राहतं

माझा भाचा साडेपाच वर्षांचा आहे. त्यांच्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब राहायला आलं, आणि लिफ्टमध्ये तिथल्या आजींनी मोडक्यातोडक्या मराठीत "जेवला का" विचारलं तर हा पठ्ठ्या मान डोलवत "अय्यो, अय्यो" करायला लागला, ताईला कुठं तोंड लपवू असं झालं. घरात असं कुणीच बोलत नाही. मग आलं कुठून, तर टीव्हीवरून. हिंदी कॉमेडीत साऊथचा माणूस आला की अय्यो, आणि कामवाली आली की ती मराठी बाई, ठरलेलंच असतं (आपण चिडतो ते फक्त दुसऱ्यावर, पहिल्यावर मस्त हसतो).

डोब्रो आणि गिडनी या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी 1998 मध्ये हेच तपासलं, 12 कार्टून सिरीयल घेतल्या आणि कोण कसं बोलतं ते ऐकलं, तर व्हिलनच्या तोंडी बऱ्याचदा ब्रिटिश, जर्मन नाहीतर रशियाकडच्या वळणाचं इंग्लिश, आणि हिरो मात्र अमेरिकन. "परदेशी माणसं वाईट असतात" असं वाक्य कुणीच म्हणत नाही हो, पण वाईट माणूस दरवेळी त्याच हेलात बोलला तर पोरगं जोडी लावणारच ना.

मग उलटं करता येतं का? 1969 मध्ये अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' हा लहान मुलांचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला, त्यात काळी-गोरी माणसं एकाच गल्लीत राहायची. मिसिसिपी राज्यातल्या सरकारी टीव्ही कमिशनने 1970 मध्ये नेमकं त्यामुळेच ते दाखवायचं नाही असं ठरवलं, बोंबाबोंब झाली आणि 22 दिवसांत निर्णय फिरवावा लागला. कॅनडात गॉर्न, गोल्डबर्ग आणि कानुनगो यांनी 3 ते साडेपाच वर्षांच्या गोऱ्या मुलांना याच कार्यक्रमातल्या दुसऱ्या वंशाच्या मुलांच्या क्लिप दाखवल्या आणि नंतर फोटो समोर ठेवून विचारलं, कुणाशी खेळशील? ज्यांनी क्लिप बघितल्या होत्या त्यांनी त्या दुसऱ्या मुलांना जास्त निवडलं. हे 1976 चं. गंमत पुढे आहे, 1979 च्या तशाच प्रयोगात दुसऱ्या दिवशी विचारलं तर तो फरक गायबच! म्हणजे एकदा दाखवलं आणि झालं, असं नाही होत. अय्यो मात्र वर्षभर रोज दिसतो.

ताईने टीव्ही बंद वगैरे नाही केला, तिला तेवढा वेळ कुठाय. फक्त त्या आजी सकाळी दारात तांदळाच्या पिठाचा कोलम (त्यांच्याकडची ठिपक्यांची रांगोळी) काढतात तेव्हा हा तोंडात ब्रश घेऊन शेजारी उकिडवा बसतो, ठिपके मोजतो, चुकले तर आजींना सांगतो. अय्यो अजून म्हणतो. पण परवा पिठाची वाटी कलंडली तेव्हा, आणि मान न डोलवता.