टेंट शाळा (बेळगाव सीमाभाग)

ऊसतोडीच्या हंगामात मजुरांच्या टोळ्यांच्या तळावर किंवा तळाजवळच्या सरकारी शाळेच्या आवारात या स्थलांतरितांच्या मुलांसाठी चालणारा तात्पुरता वर्ग. सरकारी कन्नडमधला ‘टेंट शाले’ हा शब्द सीमाभागातल्या मराठी तोंडी ‘टेंट शाळा’ झाला. महाराष्ट्रात अशाच वर्गांना साखरशाळा म्हणतात. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, रायबाग, कागवाड, अथणी आणि गोकाक हा कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी आणि घटप्रभा यांच्या पाण्यावरचा उसाचा पट्टा आहे. दसरा-दिवाळीनंतर इथे बीडकडच्या मराठी आणि विजयपूरकडच्या कोरडवाहू गावांतल्या कन्नड टोळ्या उतरतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. सोबत मुले येतात. शाळेचे वर्ष प्राथमिकला किमान २०० दिवसांचे असते, त्यातले जवळजवळ निम्मे या मुलांचे फडात, म्हणजे तोडणीच्या उसाच्या शेतात, जातात.

मूल कामाला कसे लागते

तोडीची मजुरी दिवसावर नसते, टनावर असते. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते आणि हंगामभर तोडलेल्या टनांतून ती फिटते. एक जोडी दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडते. त्या टनात दहा वर्षांच्या मुलाने किती मोळ्या ओढून आणल्या, हे कुठल्याच पावतीवर येत नाही. हजेरीपट नाही, मुलाच्या नावाने मजुरी नाही, त्यामुळे तपासणीला आलेल्या माणसाला कागदावर बालमजूर सापडत नाही. हॉटेलात किंवा गॅरेजमध्ये मूल ठेवले की मालक ठरलेला असतो. फडात मालक शेतकरी, कारखाना, वाहतूकदार की टोळी आणणारा मुकादम, यावरच घोळ होतो.

कामाची वाटणी मात्र ठरलेली असते. आई-बाप पहाटे तीन-चारला फडात जातात. आठ-नऊ वर्षांची मुलगी तान्ह्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते, खोपीवर, म्हणजे राहत्या झोपडीवर, लक्ष ठेवते. दहा-बाराचा मुलगा वाढे गोळा करून पेंढ्या बांधतो. वाढे, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, जनावरांना वैरण म्हणून विकला जातो, आणि घरखर्चाचा रोजचा रोख पैसा बहुतेक त्यातूनच निघतो. पोरगा शाळेत बसला तर ही रोकड तुटते. म्हणूनच ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व पटत नाही’ हे वाक्य अहवालात वाचायला बरे वाटले तरी तळावर फारसे टिकत नाही. महत्त्व पटते, पण बाळ कोणाकडे ठेवायचे याचे उत्तर मिळत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाच्या हातात कोयता येतो आणि उचलीत तो ‘अर्धा कोयता’ म्हणून धरला जातो. मुलींच्या लवकर लग्नांमागेही हेच गणित आहे, कारण लग्न झाले की नवी जोडी, आणि जोडी म्हणजे नवी उचल.

पाळणा आणि वर्ग

या सगळ्यातून निघणारी पहिली व्यावहारिक गोष्ट अशी, की तीन वर्षांखालच्या मुलांची सोय नसेल तर टेंट शाळेत मुली येत नाहीत. आल्या तरी कडेवर बाळ घेऊन येतात, दाराशी बसतात आणि बाळ रडले की उठून जातात. अशी मुलगी हजेरीत ‘उपस्थित’ दिसते, पण तिने पाटीवर काही लिहिलेले नसते. त्याच मंडपात पडदा घालून पलीकडे पाळणाघर केले आणि टोळीतलीच एखादी म्हातारी किंवा बाळंतपणामुळे तोडीला न जाणारी बाई मानधनावर तिथे बसवली, की मोठ्या मुलींची हजेरी टिकते. जवळच्या अंगणवाडीला हंगामापुरती ही मुले जोडून घेता येतात. तिथला पूरक आहार स्थलांतरित मुलालाही मिळायला हवा, मात्र शिधा नोंदवलेल्या लाभार्थ्यांच्या संख्येवर येतो. म्हणून नावे पहिल्याच आठवड्यात चढवावी लागतात. महिनाभर उशीर झाला तर तेवढे दिवस सेविका गावच्या मुलांच्या वाट्यातून भागवते आणि गावात कुरबुर सुरू होते.

मोजणीसाठी तळावर संध्याकाळी सहानंतर जावे. दुपारी खोप्या ओस असतात, भेटतात ती फक्त लहान मुले आणि कुत्री. मुलाचे नाव, वय, मूळ गाव, शेवटची इयत्ता आणि मूळ शाळेचा युडायस, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, एवढे लिहून घेणे पुरते. युडायस क्रमांक अकरा अंकी असतो. पहिले दोन अंक २७ असले तर शाळा महाराष्ट्रातली, २९ असले तर कर्नाटकातली. क्रमांक पालकांना सांगता येत नाही, पण गावाचे आणि शाळेचे नाव मिळाले की तो शोधता येतो. याहून सोपा मार्ग मुकादमाकडे असतो. सप्टेंबरमध्ये तो जोड्यांची यादी करतोच, त्या यादीत मुलांच्या नाव-वयाचा एक रकाना वाढवला तर टोळी पोहोचायच्या आत वर्ग किती लागतील ते कळते. मुकादम हे सहसा आपणहून करत नाही. कारखान्याच्या शेती विभागाने मागितले तर करतो.

तळापासून एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल आणि मध्ये हमरस्ता किंवा कालवा नसेल, तर वेगळा मंडप टाकू नये, मुले तिथेच घालावीत. बैलगाडी टोळ्या कारखान्याच्या अड्ड्यावर एका जागी राहतात, त्यांच्यासाठी टेंट शाळा जमते. ट्रॅक्टर टोळ्या फड संपला की पुढच्या गावाला हलतात, आणि त्यांच्यामागे मंडप हलवणे कोणालाच झेपत नाही. अशा मुलांना जिथे असतील तिथल्या शाळेत बसवणे हाच मार्ग उरतो.

पंचवीस-तीस मुलांना साधारण वीस बाय पंधरा फूट मंडप पुरतो. पाइपचा सांगाडा, वर ताडपत्री आणि ताडपत्रीखाली पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचा, थर द्यावा. तो नसेल तर फेब्रुवारीत अकरा वाजल्यापासून आत बसवत नाही. मंडप उसाच्या फडाला लागून नसावा. पाचट पेटवतात तेव्हा ठिणगी उडते, आणि सापाचे भय वेगळेच. वर्ग दहाला भरवण्यापेक्षा आठला भरवून आधी नाश्ता दिलेला बरा. पहाटेपासून एकटी असलेली मुले दहापर्यंत पांगलेली असतात. दुपारचा आहार, म्हणजे कन्नडमधला ‘बिसियूट’, जवळच्या शाळेच्या स्वयंपाकघरातून आणतात. प्राथमिकच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असा हिशेब धरला जातो. मुख्याध्यापकाने वाढीव संख्या आधी कळवलेली नसेल तर भात पुरतो, सार पातळ होते.

इयत्तेप्रमाणे बसवण्यात अर्थ नसतो. चौथीच्या दाखल्यावर आलेल्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही, हे नेहमीचे आहे. पहिल्या दिवशी अक्षर, शब्द, परिच्छेद आणि हातच्याची वजाबाकी एवढे पाहून तीन गट करावेत. गणितासाठी वेगळे साहित्य लागत नाही. वजनकाट्यावरची पावती प्रत्येक खोपीत खोचलेली असते. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ ऊस असे तीन आकडे तिच्यावर असतात. समजा, भरलेली गाडी २.६१० आणि रिकामी ०.७६५, तर निव्वळ १.८४५ टन. दशांश म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही तो पोरगाही १.८४५ म्हणजे दोन टनाला किती कमी हे बरोबर सांगतो, कारण त्यावर बापाची मजुरी अडलेली असते. तिथून सुरुवात करून किलो-टनाचे रूपांतर चार दिवसांत होते. पाठ्यपुस्तकातल्या आंब्यांच्या पेट्यांनी ते महिनाभरात होत नाही.

भाषा

सीमाभागाचा खरा पेच इथे आहे आणि नेमका फायदाही इथेच आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत सरकारी मराठी शाळा आहेत. बीडच्या मुलाला तिथे वाचायची भाषा तीच मिळते, फक्त पुस्तक कर्नाटक अभ्यासक्रमाचे आणि सोबत कन्नड हा अनिवार्य विषय. पूर्वेकडे गोकाक, रायबागच्या पुढे मराठी शाळा विरळ होतात आणि मूल थेट कन्नड वर्गात बसते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हणते, आणि राज्यघटनेचे कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेची सोय करण्यास सांगते. पाच महिन्यांसाठी आलेल्या मुलाला या कलमांचा आधार क्वचितच मिळतो, कारण ते कोणत्याच गावच्या पटावर धड नसते.

अशा वर्गात पहिले दोन आठवडे लिपीला हात लावू नये. बा (ये), होगु (जा), नीरु (पाणी), ऊट (जेवण), कुंदरु (बस) एवढ्या शब्दांवर मूल वर्गात वावरू लागते, आणि अक्का-अण्णा तर दोन्हीकडे चालतात. लिपी सुरू केल्यावर वर्णमालेचा क्रम तोच असल्याने मूल भराभर पुढे जाते. अडते ते ए आणि ओ यांच्या ऱ्हस्व-दीर्घ जोड्यांपाशी, कारण मराठीत ती जोडी नाही. अंकांतही एक खोड आहे. कन्नड एक हा अर्धवट मिटलेल्या गोलासारखा असतो, देवनागरी शिकलेले मूल त्याला शून्य वाचते. शिक्षक ‘गणित कच्चे’ असा शेरा मारून मोकळा होतो. टेंट शाळेचा स्वयंसेवक दोन्ही भाषा बोलणारा असावा, आणि सीमाभागात असा माणूस मिळणे अवघड नाही. दोन भाषांच्या वादात गेली सत्तर वर्षे गेलेल्या मुलखात हे कौशल्य जवळजवळ प्रत्येक घरात आहे, त्याचा शाळेसाठी उपयोग मात्र फार कमी केला गेला.

दाखल्याची अडचण

‘टीसी आणा, मग बघू’ हे वाक्य या मुलांना सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागते. ते बेकायदा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि कलम १४ नुसार वयाच्या पुराव्याअभावीही नाही. कलम ४ वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यायला सांगते. मुख्याध्यापकाची अडचण निराळी असते. कर्नाटकात प्रत्येक विद्यार्थ्याला सॅट्स या सरकारी नोंदणी प्रणालीत क्रमांक लागतो, महाराष्ट्रात सरल या तिथल्या प्रणालीवर त्याची वेगळी नोंद असते, आणि दोन्ही यंत्रणा एकमेकींशी बोलत नाहीत. मूळ शाळेने नाव काढले तर मुलगा परतल्यावर तिथे अडतो. ठेवले तर एकच मूल दोन पटांवर दिसते. पट टिकवण्यासाठी काही ठिकाणी त्याची ‘हजेरी’ही लागत राहते, मग ते शाळाबाह्य म्हणून कुठेच मोजले जात नाही.

यावर महाराष्ट्राने शिक्षण हमी कार्ड काढले. मूल गाव सोडताना त्याची इयत्ता आणि प्रगती लिहून ते पालकाच्या हाती द्यायचे, म्हणजे पोहोचलेल्या ठिकाणची शाळा ते पाहून बसवून घेईल. कल्पना चांगली आहे, पण कार्ड मराठीत आणि वाचणारा कन्नड शाळेचा, असा प्रसंग इथे येतोच. त्यामुळे तेवढाच मजकूर दोन्ही भाषांत लिहिलेला अर्धा कागद जास्त उपयोगी पडतो. दुसरा उपाय म्हणजे मूल गावीच ठेवणे. हंगामी वसतिगृहांत आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शाळेतून होते. पाचवीच्या पुढच्या मुलांना हे मानवते. लहान मुलांना आई मागे ठेवत नाही, आणि वयात आलेल्या मुलीला तर नाहीच.

कायदा आणि छापा

१९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये सुधारला गेला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवण्यास बंदी आहे, चौदा ते अठरा वयोगटाला धोकादायक कामांवर. मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद, २०,००० ते ५०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या व्यवसायाला हातभार लावण्याची सवलत आहे, आणि फडातली पळवाट तीच: ‘आई-बापाला मदत करतोय’. पण मदत शाळेच्या वेळेत चालली असेल तर ही सवलत लागू होत नाही. निपाणीकडचे तंबाखू-विडीचे काम, वडगाव-खासबागच्या मागांवर घरोघरी चालणारे कांड्या भरणे, वीटभट्ट्या, मेंढरे, इथेही हाच युक्तिवाद ऐकू येतो. विडीचे काम तर धोकादायक गणले जात असल्याने तिथे ही सवलत मुळातच नाही.

तळावर गाडी घेऊन छापा टाकल्यास मुले उसात लपतात आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गातही येत नाहीत. मालकाकडे एकट्याने कामाला ठेवलेले किंवा उचलीपोटी अडकवलेले मूल असेल तर मात्र थांबू नये. १०९८ ही मदतवाहिनी, कामगार निरीक्षक किंवा बालकल्याण समितीकडे तक्रार करावी.

हंगामाचा शेवट

कारखान्याचा पट्टा कधी पडणार, म्हणजे गाळप कधी संपणार, हे चार-सहा दिवस आधी कळते, आणि हिशेब झाला की टोळी एका रात्रीत उठते. सकाळी शिक्षक येतो तेव्हा तळावर चुलींचे दगड तेवढे राहिलेले असतात. म्हणून प्रत्येक मुलाचा हजेरी-प्रगतीचा दाखला फेब्रुवारीअखेर लिहून तयार ठेवावा, फक्त तारीख मोकळी सोडावी. त्यावर किती दिवस हजर, कोणत्या गटात बसला, काय वाचता येते आणि वर्ग ज्या शाळेला जोडलेला तिचा युडायस क्रमांक एवढे असले तरी पुरे. एक प्रत पालकाला द्यावी, एकीचा फोटो मूळ शाळेच्या मुख्याध्यापकाला मोबाइलवर पाठवावा. पालकाकडची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यावी, कारण परतीचा प्रवास उघड्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून होतो आणि वाटेत वळवाचा पाऊस गाठतो.