बोअर (छर्ऱ्याच्या बंदुकीचा)

छर्ऱ्याच्या बंदुकीच्या नळीची रुंदी सांगणारे जुने ब्रिटिश माप. नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या १२ गोळ्यांचे वजन एक पौंड (४५३.६ ग्रॅम) भरले, तर बंदूक १२ बोअरची. त्यामुळे आकडा वाढला की नळी बारीक होते : १२ बोअर सुमारे १८.५ मिमी., १६ बोअर १६.८, २० बोअर १५.६, २८ बोअर १४ मिमी. ४१० बोअर हे मात्र इंचातले माप आहे (०.४१० इंच, म्हणजे १०.४ मिमी.).

मोठ्या बोअरचा छर्रा जोरात लागतो, हा समज चुकीचा आहे. त्याच आकाराचा छर्रा १२ बोअरमधून सुटो की २० मधून, वेग जवळपास तोच राहतो. फरक पडतो संख्येत. १२ बोअरच्या ३२ ग्रॅमच्या काडतुसात ब्रिटिश मोजणीचे ६ नंबरचे (नंबर म्हणजे छर्ऱ्याचा आकार) सुमारे ३०० छर्रे मावतात, ४१० च्या १४ ग्रॅममध्ये १३५ च्या आसपास. छर्रे थोडे असले की त्यांचा फेर, म्हणजे हवेत पसरणारा झोत, विरळ होतो. त्यातून तितर जायबंदी होऊन निसटतो आणि झुडपात तडफडून मरतो. म्हणून हलकी बंदूक म्हणून नवशिक्याच्या हाती ४१० देण्याची रीत वाईटच. ती कसलेल्या नेमबाजानेच वापरावी. जवळून उठणाऱ्या लाव्याला २० बोअर पुरते, उंचावरून जाणाऱ्या बदकांना १२ बोअर लागते. बंदुकीचे वजन छर्ऱ्यांच्या ९६ पट असावे, असा जुना इंग्रजी ठोकताळा आहे : ३२ ग्रॅमला सुमारे ३ किलो. त्याहून हलकी बंदूक खांद्याला जोराचा धक्का देते.

कोल्हापूर संस्थानात शिकारीचा मोठा शौक होता. पाळीव चित्ते काळविटांवर सोडले जात आणि दाजीपूरचे रान दरबारी शिकारीसाठी राखीव होते. तेच रान १९५८ मध्ये अभयारण्य झाले, ही या जिल्ह्याची मोठी कमाई. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून शिकार करण्याची सोयही उरली नाही. बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे; रंकाळा किंवा कळंबा तलावावरच्या बदकावर गोळी झाडणे गुन्हाच आहे. त्यामुळे इथे बोअर निवडण्याचा प्रश्न उरतो तो मातीच्या उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीपुरता. ट्रॅप व स्कीट या ऑलिंपिक प्रकारांत १२ बोअरहून रुंद नळी चालत नाही आणि काडतुसात २४ ग्रॅमपर्यंतच छर्रे भरता येतात. कोल्हापूरचे नाव गाजवणारे तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे हे रायफल व पिस्तुलाचे नेमबाज. त्यांच्या प्रकारांत छर्रा नसतोच.

घरात दोन बोअरच्या बंदुका असतील तर काडतुसे कधीही एका पिशवीत ठेवू नयेत. २० बोअरचे काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढे अडकते. मागून १२ चे भरून चाप ओढला की नळी फुटते आणि हात जातो. याच धोक्यामुळे २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात.