कुलपाचा अर्थ बदलला, सूचना तीच राहिली

खोक्यात काय आहे हे कळण्याआधी पैसे मोजण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. टपालखात्याची व्ही.पी.पी. १८७७ सालची. पोस्टमनच्या हातात रक्कम ठेवायची, व्ही.पी. सोडवायची आणि मग पार्सल उघडायचं. पुढे कॅश ऑन डिलिव्हरीनेही हीच सवय चालवली. २०१६ नंतर यूपीआय आलं आणि माल दारात येण्याआधीच पैसे जाऊ लागले.

इंटरनेटवरच्या बनावट दुकानांच्या बाबतीत सर्वांत जास्त घोळ घातला तो ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतल्या कुलपाने. ‘कुलूप दिसलं तरच पैसे भरा’ ही सूचना वर्षानुवर्षं सगळ्यांनी दिली. वास्तविक कुलूप एवढंच सांगतं की तुमची माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही. पलीकडे दुकानदार बसलाय की भामटा, हे ते सांगत नाही. हे कुलूप दिसण्यासाठी संकेतस्थळाला एक प्रमाणपत्र लागतं. पूर्वी त्याला पैसे पडत, त्यामुळे भुरटे सहसा त्या फंदात पडत नसत. २०१५च्या अखेरीस ही प्रमाणपत्रं फुकट मिळू लागली. इंटरनेटसाठी ते भलंच झालं, पण त्याबरोबर भामट्यांच्या दारावरही कुलूप आलं.

२००७पासून एक महागडं प्रमाणपत्रही होतं. त्यात कंपनीची कागदपत्रं तपासली जात आणि तिचं नाव पट्टीत हिरव्या रंगात झळके. लोक तिकडे बघतच नाहीत, या कारणाने मोठ्या ब्राउझरांनी २०१९मध्ये ते नाव पट्टीतून काढलं. यावर बराच वाद झाला. माझ्या मते निर्णय तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. पण लोकांना शिकवलेली खूण बदलताना लोकांना सांगायला हवं होतं, ते कुणी केलं नाही. २०२३मध्ये सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरने कुलूपही काढलं. ‘कुलूप बघा’ हा सल्ला मात्र अजून फिरतोच आहे, आणि याचाच मला राग येतो.

२०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी संकेतस्थळावर देणं बंधनकारक केलं. पण भामटा दुसऱ्याचा पत्ता उचलून चिकटवतो. डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची, नोंद कधी झाली ती तारीख त्याला अशी चिकटवता येत नाही. युरोपातल्या गोपनीयता कायद्यामुळे २०१८पासून डोमेनच्या नोंदीतलं मालकाचं नाव बहुतेक ठिकाणी झाकलं गेलं, तारीख मात्र कुणालाही फुकट बघता येते. जुनं डोमेन विकत घेणारेही असतात, म्हणून एकट्या तारखेवर विसंबता येत नाही. तरी ‘वीस वर्षांची विश्वासू सेवा’ सांगणाऱ्या दुकानाचं डोमेन दिवाळीच्या आदल्या महिन्यातलं निघालं, तर तिथे पैसे भरू नयेत. भरून झाले असतील, तर त्याच घटकेला १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावावा.